माझा कतार-बहिष्कार

कतारच्या फुटबॉल विश्वचषकावर बहिष्कार टाकला पाहिजे, हे माझं मत २०१० सालापासून ठाम होतं आणि भाच्यानं तिकीट काढेपर्यंत ते ठामच राहिलं.

मत काही हवेतून आलेलं नव्हतं. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिकमध्ये फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लॅटर यांनी पाकीट उघडून कतारचं नाव दाखवलं, तेव्हा आमच्या कोल्हापुरातल्या कट्ट्यावर पहिला प्रश्न आला, "हे कुठं आलं?" आणि दुसरा, "जून-जुलैत तिथं दुपारी खेळायचं का भाजायचं?" सातारा जिल्ह्याहून जरासा मोठा देश. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास. फुटबॉलची परंपरा म्हणाल तर त्याआधी एकदाही विश्वचषकाला पात्र ठरलेला नाही. आणि त्यानं शेवटच्या फेरीत अमेरिकेला १४ विरुद्ध ८ मतांनी लोळवलं. मत देणारे मुळात चोवीस. त्यांतले दोघे एका वृत्तपत्रानं लावलेल्या सापळ्यात सापडून आधीच निलंबित झालेले. उरलेल्या बावीसांपैकी कित्येकांच्या मागं पुढं चौकश्या लागल्या. आमच्याकडच्या दूध संघाच्या निवडणुका बघत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं, पण राग यायला काय जातंय?

तर मी रागावलो. सलग बारा वर्षं रागावलो. उन्हापायी नोव्हेंबरात ढकललेला विश्वचषक जवळ आला तसं एका वाचनालयात व्याख्यानही दिलं. परदेशी मजुराला मालकाच्या मुठीत ठेवणारी कफाला पद्धत, समलिंगी संबंधांना तुरुंग, बायकांना लग्नापासून परदेशी शिक्षणापर्यंत पुरुष पालकाची परवानगी, सगळं मांडलं. टेबलावर मूठ आपटताना पाण्याचा पेला सांडला, तेव्हा माझ्या शब्दांत धार असल्याची माझी खात्री पटली. शेवटी एका पोरानं विचारलं, "काका, मेस्सीचा शेवटचा वर्ल्डकप असला तरी बघायचा नाही?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात भाच्याचा फोन. तो दोह्यात एसीच्या कामात इंजिनिअर आहे. "मामा, बावीस तारखेला अर्जेंटिना–सौदी, लुसैल स्टेडियम. एक तिकीट जादा आहे. येणार काय?" मी विचार करायला वेळ मागितला. वेळ मागत होतो तेव्हा एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात कपाटातून काढलेला पासपोर्ट.

माणसानं तत्त्वासाठी थोडा त्रास सोसला पाहिजे. घरात पंख्याखाली बसून बहिष्कार कुणीही टाकेल. मी तो प्रत्यक्ष जाऊन, जागेवर टाकायचं ठरवलं. बायकोला हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "जाताय तर पोराला मसाला घेऊन जावा." कट्ट्यावरच्यांनी तेवढंही मनावर घेतलं नाही. आमच्याकडं पेठेपेठेत अर्जेंटिना आणि ब्राझील असे दोन तट आहेत, आणि विश्वचषकात कुणाचा बॅनर मोठा यावरून जे होतं ते पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाच्या मॅचला शाहू स्टेडियममध्ये होतं त्यापेक्षा फार वेगळं नसतं. मला निरोप देताना एकच सूचना झाली. "मेस्सी हरला तर तिकडंच ऱ्हा."

जाण्यासाठी हय्या कार्ड नावाचा परवाना लागायचा. राहणार कुठं हे दाखवल्याशिवाय ते मिळत नसे, म्हणून भाच्यानं मला आपला पाहुणा म्हणून नोंदवलं आणि मग काय आणायचं नाही याची यादी वाचून दाखवली. दारू नाही, डुकराचं मांस नाही, ई-सिगारेट नाही, खायची तंबाखू नाही. "आणि मामा, खसखस आणू नका. इकडच्या देशांत ती अफूत धरतात. दुबईत नुसत्या कपड्यावर सांडलेल्या दाण्यांपायी माणूस आत गेलाय."

मी हसून "खसखस कशाला आणू?" म्हणालो. ते हसू अरबी समुद्रावर मावळलं. विमानात जेवणाचा ट्रे आला, त्यातल्या फिक्या भाजीकडं बघून बॅगेतल्या मसाल्याची आठवण झाली, आणि मसाल्यात काय काय असतं याचीही. मिरची, धणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण आणि खसखस. दोन किलो कांदा-लसूण मसाला. दोन किलोत खसखस किती असेल याचा हिशेब मी रुमालावर मांडला आणि लगेच पुसला, कारण तो पुरावा झाला असता. शेजारचा माणूस खिडकीतून रोषणाई बघत होता. मी कतारमधल्या तुरुंगांविषयी व्याख्यानासाठी जमवलेली माहिती आठवत होतो. इतका अभ्यास करायला नको होता असं प्रथमच वाटलं.

व्हायचं तेच झालं. तपासणीच्या यंत्रातून माझी बॅग बाहेर आली आणि एका बाजूला गेली. पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या तरुण अधिकाऱ्यानं ती उघडायला लावली, धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळलेलं पुडकं बाहेर काढलं, सुटं करून नाकाजवळ नेलं आणि एक भलामोठा श्वास घेतला. असा श्वास आमच्याकडं जाणता माणूस घेत नाही. तो शिंकला. परत शिंकला. डोळ्यांतून पाणी आलं. सहकाऱ्यानं काय झालं म्हणून वास घेतला, तोही शिंकू लागला. दोघांनी हातानंच मला जा म्हणून सांगितलं. जे इतकं झोंबतं ते गुंगी आणणारं नसावं, असा निष्कर्ष त्यांनी काढला असेल.

बाहेर येऊन थरथरत्या हातानं घरी फोन लावला. "तुला काही कल्पना आहे का, मसाल्यातल्या खसखशीपायी मी आज..."

"खसखस कुठली?" बायको म्हणाली. "भाव बघितला काय खसखशीचा? औंदा घातलीच नाही."

दोह्यात भाच्याबरोबर एका फ्लॅटात चौघे मल्याळी राहायचे. एक इंग्लंडचा, एक ब्राझीलचा, दोघे अर्जेंटिनाचे. इंग्लंडच्या खोलीच्या दाराला ब्राझीलचा झेंडा लागू नये म्हणून चिकटपट्टीनं सीमा आखलेली. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शुक्रवारी, १८ नोव्हेंबरला, सुट्टीचा दिवस साधून सगळे समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावर मिरवणुकीला निघाले. निळ्या-पांढऱ्या जर्सीतले हजार-दीड हजार लोक, जवळपास सगळे केरळचे. कुणीतरी माझ्या हातात एक वाद्य दिलं. त्यांचं चेंडावादन मला झेपेना, मग मी आपली हलगीची चाल धरली. पाचेक मिनिटांत सभोवार तीस-चाळीस मल्याळी हलगीवर नाचत होते आणि मी बहिष्कार साफ विसरलो होतो.

तेवढ्यात एक युरोपीय वार्ताहर कॅमेरा घेऊन पुढ्यात आला. त्या सुमारास तिकडच्या माध्यमांत चर्चा जोरात होती की दोह्याच्या रस्त्यावर नाचणारे हे भारतीय खोटे चाहते आहेत, कतारनं भाड्यानं आणलेले. का, तर इंग्लंडची जर्सी घातलेला माणूस काळासावळा कसा असेल?

"तुम्ही अर्जेंटिनाचे खरे चाहते आहात?" त्यानं विचारलं.

"१९८६ पासून."

"त्या संघाचा गोलकीपर कोण होता?"

"नेरी पुम्पिडो," मी म्हणालो. त्यानं खिशातून फोन काढला, शोधलं, चेहरा जरा उतरला. इथं मी थांबलो असतो तर कोल्हापूरचं नाव झालं असतं. पण त्यानं पुढचा प्रश्न विचारला. "यासाठी तुम्हाला किती पैसे मिळाले?"

आता खरं सांगतो, मला अपमान वाटायला हवा होता. बाजूच्या मल्याळी पोरांना तो वाटलाही. त्यांच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. म्हणजे पैसे वाटताहेत? मी कॅमेऱ्यासमोर वाद्य काखोटीला मारून विचारलं, "कुठं मिळतात?"

भाच्यानं मला दंडाला धरून ओढत नेलं. ती चित्रफीत कुठल्या वाहिनीवर लागली ते मी बघितलं नाही, पण कट्ट्याच्या ग्रुपवर ती माझ्या आधी पोचली आणि 'कुठं मिळतात' हे पुढं माझं टोपणनावच झालं. गंमत अशी की पाहुणचार घेऊन आलेले चाहते खरोखरच होते. कतारनं देशोदेशींचे काही चाहते विमानाचं तिकीट आणि राहण्याची सोय देऊन बोलावले होते आणि त्यांनी यजमानाविषयी बरं बोलावं अशी अपेक्षा होती. त्यांत युरोपातलेही होते. फुकट नाचणाऱ्या मल्याळ्यांना मात्र पावती दाखवावी लागत होती.

त्याच शुक्रवारी आणखी एक वीज कोसळली. सामने दोन दिवसांवर आलेले असताना स्टेडियमच्या आवारात बिअर मिळणार नाही असं जाहीर झालं. बिअर कंपनी फिफाची मोठी प्रायोजक. मजुरांच्या हालांवर बारा वर्षं जेवढी शाई खर्ची पडली नसेल तेवढी त्या दोन दिवसांत बिअरवर पडली. मीही त्वेषानं 'व्यक्तिस्वातंत्र्याचं काय?' असा संदेश ग्रुपवर टाकला. कट्ट्यावर एक निवृत्त उत्पादन शुल्क निरीक्षक आहेत. त्यांचं उत्तर आलं: 'महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून लागू आहे. प्यायला परवाना लागतो. तुमचा आहे का?' माझा नव्हता. शहरातल्या पिणाऱ्यांपैकी कुणाचा असेल अशी शंकाही नव्हती. तरी दोन दिवसांनी संध्याकाळी स्वातंत्र्याच्या बाजूनं एक बिअर प्यावी म्हणून मी अल बिद्दा पार्कमधल्या फॅन फेस्टिव्हलला गेलो. रांगेत तिष्ठल्यावर दर कळला. अर्धा लिटर, पन्नास रियाल. अकराशे रुपये. मी तिथल्या तिथं कतारच्या धोरणाला पाठिंबा दिला.

त्याआधी, १९ तारखेला, फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो यांनी पत्रकारांसमोर तासभर भाषण केलं. आज आपल्याला कतारी वाटतंय, अरब वाटतंय, आफ्रिकी वाटतंय, समलिंगी वाटतंय, अपंग वाटतंय, स्थलांतरित मजूर वाटतंय, असं म्हणाले. युरोपनं जगाला केलेल्या जुलमांबद्दल पुढची तीन हजार वर्षं माफी मागावी आणि मग इतरांना उपदेश करावा, हेही म्हणाले. यातलं दुसरं मला पटलं, आणि पटतंय म्हणून धास्ती वाटली. पहिल्याबद्दल काय बोलावं? हाच गृहस्थ, हीच फिफा. तीनच महिन्यांपूर्वी यांनी भारताच्या फुटबॉल महासंघाला निलंबित केलं होतं, कारण आमच्या सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली समिती म्हणजे यांच्या लेखी बाहेरचा हस्तक्षेप. कतारच्या अमीर साहेबांचं सरकार स्पर्धेच्या खुर्चीपासून बिअरच्या ग्लासापर्यंत सगळं ठरवत होतं, तो पाहुणचार.

मग २१ तारीख आली. इंग्लंड, वेल्स, जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड, सात देशांचे कर्णधार दंडावर भेदभावाविरुद्धची, 'वन लव्ह'ची रंगीत पट्टी बांधून उतरणार होते. फिफानं कळवलं, पट्टी दिसली की पिवळं कार्ड. सातही देशांनी पट्ट्या पेटीत ठेवल्या. दोन दिवसांनी जर्मनीच्या खेळाडूंनी संघाच्या फोटोत तोंडावर हात ठेवून निषेध केला आणि जपानकडून हरले. कुणी काही म्हणो, मला या सात देशांविषयी आतून जिव्हाळा वाटला. तत्त्व पिवळ्या कार्डापर्यंत टिकवणं काय असतं, ते तिकीट मिळालेल्या माणसाला विचारा. पण त्याच दिवशी, इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी, इराणचे अकरा जण आपल्या राष्ट्रगीताला तोंड मिटून उभे राहिले. त्यांच्या देशात महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर बायका रस्त्यावर आल्या होत्या, गोळ्या चालत होत्या, आणि या अकरा जणांना तिथंच परत जायचं होतं. त्यांच्याबद्दल मला विनोद सुचत नाही.

आता छत्रीबद्दल. सामना दुपारी एकचा. ऊन नको म्हणून मी बायकोनं बॅगेत घातलेली छत्री बरोबर घेतली. महाद्वार रोडवर घेतलेली, आठ पाकळ्यांची, प्रत्येक पाकळी वेगळ्या रंगाची. तांबडी, नारिंगी, पिवळी, हिरवी, पुढचं तुम्ही शाळेत शिकलाच आहात. आदल्या रात्री वेल्सच्या प्रेक्षकांच्या, समलिंगींना पाठिंबा दाखवणाऱ्या सप्तरंगी टोप्या दारात काढून घेतल्या होत्या. ती बातमी मी सकाळी चहा पिताना मोठ्यानं वाचून दाखवली होती, 'मुस्कटदाबी आहे ही' असं म्हणालो होतो, आणि त्यानंतर छत्री उचलून बाहेर पडलो होतो. डोक्यात या दोन गोष्टींची गाठ पडली नाही ती नाहीच.

लुसैल मेट्रो स्टेशनवरून स्टेडियमकडं जाताना लोक माझ्याकडं बघून हसत होते, अंगठे दाखवत होते. दोन गोऱ्या मुलींनी फोटो काढला. एक दाढीवाला छातीवर हात ठेवून "रिस्पेक्ट!" म्हणाला. अर्जेंटिनाच्या जर्सीला एवढा मान बघून मी भारावलो आणि छत्री आणखी उंच धरली. सुरक्षा तपासणीपाशी मात्र रांग माझ्याभोवती विरळ झाली. वॉकीटॉकीवर काही बोलणं झालं. एक वरिष्ठ आला. त्यानं छत्रीकडं बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "तुमचा याला पाठिंबा आहे?"

तेव्हा मला कळलं. मागं दाढीवाला मोबाईल रोखून उभा होता. वाचनालयात मी म्हणालो होतो की खरा निषेध तो, जो त्यांच्या भूमीवर त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून केला जातो. डोळा भिडलेला होता. भूमी त्यांचीच होती. मी घसा साफ केला.

"वाइफ," मी म्हणालो. "वाइफ्स अंब्रेला. सन. व्हेरी हॉट."

शेवटी एका नेपाळी सुरक्षारक्षकानं सोडवलं. "साहब, छाता तो वैसे भी मना है," तो म्हणाला. "काला हो तो भी मना है." टोक असलेली वस्तू आत न्यायला बंदी, रंगाचा प्रश्नच नव्हता. दाढीवाल्यानं मोबाईल खिशात घातला. छत्री पेटीत गेली. पाठोपाठ पिशवीतली भडंगही निघाली, बाहेरचं खाणं आत चालत नाही. भडंग टाकून द्यायची माझी तयारी नव्हती. कठड्यापाशी उभा राहून मी ती संपवायला लागलो, आणि रांग ओसरल्यावर त्या नेपाळी पोरानंही हात पुढं केला. लसणाचे तुकडे तो बाजूला वेचून आधी खात होता. चार महिन्यांच्या करारावर आलेला. येण्यासाठी घरच्यांनी व्याजानं पैसे काढले होते. सामना आतमध्ये पन्नास पावलांवर, पण बघायला मिळणार नाही, पाठ फिरवून उभं राहायचं असं तो म्हणाला. मग कुणीतरी हाक मारली आणि तो हात झटकून गेला.

माझी छत्री ही काही मोठी भानगड नव्हे. त्याच दिवशी, त्याच स्टेडियमबाहेर, ब्राझीलच्या एका पत्रकाराला अडवून त्याच्या झेंड्यावरून गदारोळ झाला. तो होता त्याच्या पेर्नाम्बुको राज्याचा झेंडा. त्यावर इंद्रधनुष्य आहे, एवढाच त्याचा गुन्हा.

सामन्याचं काय सांगू? दहाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टीवर गोल केला. पुढं पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. वाळवंटातलं हे स्टेडियम थंड करायला खुर्च्यांच्या पायाशी गार हवेचे झोत सोडले होते, आणि नेमका एक झोत माझ्या दोन्ही गुडघ्यांवर होता. बाहेर ऊन आणि आत मी दात वाजवत बसलेलो. दुसऱ्या अर्ध्यात अल-शेहरीनं आणि अल-दोसरीनं पाच मिनिटांत दोन गोल ठोकले. छत्तीस सामने न हरलेला संघ सौदीकडून हरला. माझ्या चहूबाजूंनी सीमा ओलांडून आलेले सौदी प्रेक्षक उठून एका तालात काहीतरी ओरडायला लागले. थंडीनं आखडलो होतो, चाल चांगली होती, मीही उठून हात वर करून ओरडलो. भाचा माझ्याकडं बघतच राहिला. ते "मेस्सी कुठाय?" असं विचारत होते. अर्जेंटिनाच्या जर्सीत ती घोषणा देणारा स्टेडियमात बहुधा मी एकटाच असेन. फोन उघडला तर कट्ट्याचा एकच संदेश होता: 'तिकडंच ऱ्हा.'

सूक वाकिफपाशी उंच खुर्चीवर बसून फोमचं मोठं बोट दाखवत "मेट्रो? धिस वे!" असं तालात ओरडणारा केनियाचा एक तरुण तेव्हा जगप्रसिद्ध झाला होता. मी त्या रात्री त्याचं न ऐकता दुसऱ्याच दिशेला गेलो आणि हरवलो. भाच्यानं ओळखीच्या टॅक्सीवाल्याला पाठवलं. दार उघडून बसलो तर आरशात बघत तो म्हणाला, "कोल्लापूरचे ना? मी खेडचा." रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड. वडील कुवेतला होते, काका सौदीत, हा इथं.

मला वाटलं, आता खरी माहिती मिळणार. व्याख्यान उलटं करून प्रश्न विचारायला लागलो. 'गार्डियन'नं २०२१ साली आकडा दिला होता. यजमानपद मिळाल्यापासूनच्या दशकात भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेचे साडेसहा हजारांहून जास्त लोक कतारमध्ये वारले, त्यांत भारताचे २,७११. हे सगळे स्टेडियमवरचे नव्हेत. पण किती जण कशानं गेले हे नीट शोधायचे कष्टही कुणी घेतले नाहीत, बहुतेकांच्या दाखल्यावर 'नैसर्गिक मृत्यू'. कतारचं म्हणणं, स्टेडियमच्या कामावर कामामुळं मेले तीन. मला त्याच्या तोंडून संताप ऐकायचा होता.

तो सिग्नल बघत होता. "मी बांधकामावर होतो आधी," म्हणाला. "तेव्हा उन्हाचं काम बंद ठेवायची वेळ थोडी होती. आता जूनपासून दहा ते साडेतीन बंद. किमान पगार हजार रियाल केलाय. मालक बदलता येतो, कागदावर तरी. थोडं बरं आहे." मग जरा थांबून, "माणसं येतात ती आधीच बुडून येतात, त्याचं काय करायचं?"

येताना एजंटानं त्याच्याकडून दीड लाख घेतले होते. घर गहाण पडलं. पहिली दोन वर्षं त्यातच गेली, म्हणून मालक पगार थकवायचा तेव्हा काम सोडून परत जाण्याची सोयच नव्हती. आपल्याकडच्या नियमानं नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. हे मला ठाऊक होतं, व्याख्यानात सांगायचं राहून गेलं होतं, कारण त्याला टाळी पडली नसती. मी सांगितलं तर तो हसला.

"तुमच्याच जिल्ह्यातला आहे तो एजंट. माझ्या मेहुण्याचेही घेतलेत, व्हिसा आलाच नाही. तुमी शिकलेले दिसता. केस करायला कोल्लापुरात कोण वकील बघाल काय?"

"बघतो," मी म्हणालो. अमीरला जाब विचारायला आलेल्या माणसाला कोल्हापूरच्या कोर्टात पाठवत होता तो. पैसे घेत नव्हता, मी बळेच दिले. त्याचा नंबर 'दोहा टॅक्सी' नावानं माझ्या फोनमध्ये आहे. दोनदा मिस्ड कॉल येऊन गेले. वकील बघायचा अजून राहिलाय. मध्यंतरी मी 'कतारचे दिवस' या विषयावर तीन ठिकाणी बोललो.

१८ डिसेंबरची फायनल मी कोल्हापुरातच बघितली, चौकात पडदा लावून. ३–३, मग पेनल्टीवर अर्जेंटिना ४–२. अमीरनी मेस्सीच्या खांद्यावर काळा अरबी झगा चढवला, जर्सी त्याखाली झाकली, आणि जगभर पुन्हा वाद पेटला. आमच्या चौकात मेस्सीला कुणी गोणपाट घातलं असतं तरी चाललं असतं.

२०२६चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. इराण आणि हैती पात्र ठरले, पण या दोन देशांच्या माणसांना अमेरिकेनं प्रवेशबंदी केलेली. खेळाडूंना सूट आहे, चाहत्यांनी घरी बसावं. आणि इन्फान्तिनो साहेबांनी डिसेंबर २०२५ मध्ये फिफाचा पहिलावहिला शांतता पुरस्कार दिला कुणाला, तर डोनाल्ड ट्रम्प यांना. त्या दिवशी इन्फान्तिनो साहेबांना काय काय वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही. अमेरिकेत माझा भाचा नाही, त्यामुळं या स्पर्धेवरचा माझा बहिष्कार कडक आहे.

२०३४ सालचा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला. ११ डिसेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब झालं. दुसरा अर्जदारच नव्हता, म्हणजे निदान मतं विकायची भानगड नाही. सामने रियाध, जेद्दाह, अल खोबार, आभा आणि निओममध्ये होतील. बिअर मिळणार नाही हे त्यांच्या राजदूतांनी आधीच सांगून टाकलंय. वाचकांपैकी कुणाचा भाचा, पुतण्या किंवा मेहुणा या गावांत असेल आणि घरात एक जादा गादी निघत असेल, तर कृपया कळवावं. छत्री आणणार नाही. मसाला आणीन, बिनखसखशीचा.